गावातली छोटी बस आणि नगरपरिषदेचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टँडपासून उपजिल्हा रुग्णालय, तहसील, कॉलेज आणि बाजारपेठ जोडणारी वीस-पंचवीस आसनांची एखादी गाडी नगरपरिषदेने चालवावी, अशी मागणी आमच्या गावात बरीच वर्षं आहे. ती मांडायला गेलं की तेच ते प्रश्न समोर येतात: नगरसेवकांकडून, मुख्याधिकाऱ्यांकडून, रिक्षावाल्यांकडून आणि घरपट्टी भरणाऱ्या शेजाऱ्यांकडूनही. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. नगरपंचायत किंवा ब, क वर्गाची नगरपरिषद असलेल्या, म्हणजे लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांना ती उपयोगी पडावीत.

एसटी आहे, रिक्षा आहेत. मग आणखी गाडी कशाला?

एसटी गावाला गावाशी जोडते. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हापासून तिचं मुख्य काम तेच राहिलं आहे. गावातल्या गावात तीन किलोमीटर जायला ती उपयोगाची नाही. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, दुपारी दोन ते चार दिसत नाही आणि नव्या वसाहतीकडे एकटं माणूस असलं तर स्पेशलचे पैसे मागते.

दरम्यान गाव पसरलं आहे. सरकारी कचेऱ्या आणि दवाखाने जुन्या पेठेतून उठून बाहेरच्या रस्त्यावर गेले, कारण जागा तिथेच मिळाली. दुचाकी असलेल्याला याचं काही वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं असेल तर तिच्यासाठी ते अंतर फार मोठं आहे. त्यासाठी मुलाला खाडा करावा लागतो. ही गाडी अशा माणसांसाठी मागतो आहोत.

हे नगरपरिषदेचं काम आहे असं कायद्यात कुठे म्हटलंय?

बंधनकारक काम म्हणून कुठेच नाही, आणि हे आधीच मान्य करून बोललेलं बरं. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यात दिवाबत्ती, सफाई, पाणी, स्मशानभूमी अशी सक्तीची कामं आहेत. त्यात बस नाही. लोकांच्या सोयीची इतर कामं ऐच्छिक म्हणून करता येतात.

राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १९९२ साली झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आले. त्या यादीत रस्ते आणि पूल आहेत, वाहनतळ आहेत आणि ‘बसथांबे’ हा शब्दही आहे. बस मात्र नाही. थांबा नगरपालिकेने बांधायचा आणि त्यापुढे थांबणाऱ्या गाडीचं पुढे पाहू, असा अर्थ त्यातून निघतो. आपल्याकडच्या अनेक गावांत नेमकं तेच दिसतं. स्टीलचे चकचकीत थांबे उभे आहेत, त्यांवर लोकप्रतिनिधींची नावं आहेत आणि समोर बस येत नाही.

ऐच्छिक म्हणजे निषिद्ध नव्हे. वाचनालय, उद्यान, नाट्यगृह ही ऐच्छिक कामं नगरपरिषदा हौसेने करतात. सभेने ठरवलं आणि अंदाजपत्रकात पैसे ठेवले तर बसही चालवता येते.

केंद्र सरकारच्या ई-बस योजनेतून मिळणार नाहीत का?

छोट्या गावाला नाही. पीएम-ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात दहा हजार बस आहेत, पण त्या २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. केंद्रशासित प्रदेशांच्या राजधान्या, ईशान्येकडची आणि डोंगराळ राज्यं यांना त्यात वेगळी सोय आहे. महाराष्ट्रातली चाळीस हजारांची नगरपरिषद त्यात बसत नाही. एक गोष्ट मात्र त्या योजनेतून शिकण्यासारखी आहे: तिथे नुसत्या गाड्यांना पैसा नाही, गाड्या चालवण्यासाठी दहा वर्षं साहाय्य आहे. चालवण्याच्या पैशाशिवाय बस टिकत नाही हे दिल्लीनेही मान्य केलं आहे.

मग पैसा आणायचा कुठून?

हा खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक मागण्या चुकतात. लोक ‘बस द्या’ म्हणतात. बस मिळणं तुलनेने सोपं आहे. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती, एखाद्या कारखान्याचा सामाजिक दायित्व निधी यांपैकी कुठून तरी गाडीचे पैसे उभे राहू शकतात. हार घालून, नारळ फोडून गाडी येते. पुढच्या महिन्यात डिझेल कोण भरणार? खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. आवर्ती खर्च त्यातून करता येत नाही. गाडी देणारे अनेक आहेत, टाकी भरणारा कुणी नाही.

मग वित्त आयोगाच्या अनुदानाकडे बोट दाखवलं जातं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात छोट्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के मोकळा होता, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करायला मनाई होती. चालकाचा पगार त्यातून काढता येत नव्हता. रस्ते आणि गटारं यांची आधीच त्या मोकळ्या भागावर नजर असायची.

राहतं ते नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, गाळेभाडी, बाजार फी, विकास शुल्क, जाहिरात फलकांची फी. वर्षानुवर्षं चालणाऱ्या सेवेला वर्षानुवर्षं येणारंच उत्पन्न लागतं. म्हणून मागणी अशी लिहा: ‘अंदाजपत्रकाच्या महसुली खर्चात गावबस चालवण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं आणि त्यात वर्षाची तरतूद करावी.’ लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातली त्या कामाची स्वतंत्र ओळ. ती दरसालच्या महसुली खर्चात हवी, एकदाच होणाऱ्या खरेदीच्या म्हणजे भांडवली खर्चात नको. हे एक वाक्य बदललं की सभेतली चर्चाच बदलते, कारण मग गाडी कोण देणार याऐवजी दरसाल किती ठेवायचे यावर बोलावं लागतं.

जोडीला छोटे झरे असतातच. गाडीच्या पाठीवरची जाहिरात, थांब्यावरची जाहिरात, स्टँडजवळच्या नगरपरिषदेच्या वाहनतळाचं शुल्क. वाहनतळाचा पैसा बसला देणं मला सगळ्यात न्याय्य वाटतं. बाजारपेठेत चारचाकी उभी करणाऱ्याने पायी येणाऱ्याला थोडा हातभार लावला तर बिघडलं काय?

खर्च येतो तरी किती?

खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

एक गाडी, रोज १२० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३,१२० किलोमीटर. लिटरला आठ किलोमीटर धरले तर ३९० लिटर डिझेल, ९२ रुपये दराने साधारण ३६,००० रुपये. दोन पाळ्यांचे दोन चालक, प्रत्येकी २०,००० धरून ४०,०००. दोन वाहक, प्रत्येकी १५,००० धरून ३०,०००. टायर, ऑइल, दुरुस्ती किलोमीटरला चार रुपये, म्हणजे १२,५००. विमा, पासिंग, किरकोळ धरून ८,०००. एकूण १,२६,५०० रुपये. किलोमीटरला साडेचाळीस रुपये पडले.

आता जमा. दिवसाला २५० माणसं, दहा रुपये तिकीट, २६ दिवस: ६५,०००.

तूट महिन्याला ६१,५००, वर्षाला ७ लाख ३८ हजार. आठ-दहा वर्षांनी नवी गाडी घ्यायची म्हणून दरमहा काही रक्कम बाजूला टाकायची असेल (टाकाच) तर वर्षाचा आकडा नऊ-दहा लाखांपर्यंत जातो.

हा आकडा घेऊन आपल्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक उघडा. सत्कार, उद्घाटनं, मंडप, वाहनभाडं या ओळी वाचा. त्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दहा लाख जास्त की कमी ते कळत नाही.

तोट्यात चालणारी गाडी नगरपरिषदेने का ओढावी?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बस चालवणाऱ्या पीएमपीएमएल या कंपनीचंही तिकिटावर भागत नाही. तिची तूट दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. नाशिकमध्ये शहर बस पूर्वी एसटी चालवायची. जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक आहे, आणि तिचीही तूट महापालिका भरते. लाखो प्रवासी असलेल्या शहरांत हे असेल तर वीस हजारांच्या गावात नफ्याची अपेक्षा ठेवायला आधारच नाही.

मुख्य म्हणजे नगरपरिषद आजही अशी सेवा चालवतेच आहे. घंटागाडी बघा. ठरलेला मार्ग आहे, ठरलेली वेळ आहे, प्रत्येक प्रभागात फेरी आहे, चालक ठेक्यावर आहेत, डिझेलची नोंदवही आहे, गाडी नाही आली तर नगरसेवकाला फोन जातो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दारात कचऱ्याची गाडी येईल असं कुणी म्हणालं असतं तर ‘परवडणार नाही’ हेच उत्तर आलं असतं. आज तिचा खर्च कुणी तोटा म्हणून मोजत नाही. कचऱ्यासाठी जे जमलं ते माणसांसाठी जमू नये असं मला तरी वाटत नाही. घंटागाडी चालवून नगरपरिषदेच्या वाहन विभागाला जो अनुभव मिळाला आहे तो बसच्या कामी येईल.

गाडी चालवायची कुणी? नगरपरिषदेने, ठेकेदाराने की एसटीने?

स्वतः चालवायची तर चालकाची पदं हवीत. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद नसेल तर भरती होत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी गोष्ट ठेक्यावर येते.

ठेक्याचे दोन प्रकार. एकात ठेकेदार तिकिटाचे पैसे स्वतः ठेवतो. मग तो भरलेल्याच फेऱ्या करतो, दुपारची फेरी गुपचूप गळते, आणि आपण पुन्हा शेअर रिक्षावर येतो. दुसऱ्यात तिकिटाचा पैसा नगरपरिषदेकडे येतो आणि ठेकेदाराला चाललेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. रिकामी असली तरी फेरी होते. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. पण करारात दोन अटी हव्यात: फेरी चुकली तर दंड, आणि चालक-वाहकांचा पगार ठरल्या तारखेला बँकेत जमा झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल नाही. नाशिकला पगार थकल्यामुळे वाहकांनी एकापेक्षा जास्त वेळा काम बंद ठेवलं, आणि लोक थांब्यांवर ताटकळले.

तिसरा रस्ता एसटीचा. इथे केरळचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथल्या राज्य परिवहनने जुलै २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ सुरू केली, पहिली गाडी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीत. गाडी, चालक, वाहक, दुरुस्ती महामंडळाची. डिझेलचा खर्च स्थानिक संस्थेचा. मार्ग आणि वेळा स्थानिक संस्थेने सुचवायच्या. पंचायतीला गाडी विकत घ्यावी लागत नाही की माणसं नेमावी लागत नाहीत. वर मांडलेल्या हिशेबात डिझेलचे ३६,००० एवढाच भार नगरपरिषदेवर पडला असता.

आपल्याकडेही गाडीचा पैसा एकाचा आणि चालवणं एसटीचं ही रीत अनोळखी नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस विद्यार्थिनींना शाळेत नेतात, गाड्या शासनाच्या पैशातून आल्या आणि चालवते एसटी. ‘डिझेल आमचं, गाडी आणि माणसं तुमची’ असा प्रस्ताव सभेच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांमार्फत विभाग नियंत्रकांकडे द्यावा. भारमान कमी, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, म्हणून फेरी बंद करणाऱ्या आगाराला ठरावीक रक्कम हातात येणार असेल तर बोलणं वेगळं होतं.

महाराष्ट्रात एखाद्या छोट्या नगरपरिषदेने असं काही केलं आहे का?

माथेरान. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत वस्ती असलेली ही गिरिस्थान नगरपरिषद. २००३ च्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेने तिथे मोटारवाहनं बंद आहेत. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून मिनी ट्रेनच्या शटलने जायचं. पर्यटकाला त्यात मजा आहे. दप्तर घेऊन रोज चढउतार करणाऱ्या शाळकरी मुलांना आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना नव्हती. रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने, एका निवृत्त शिक्षकाच्या चिकाटीमुळे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षाला परवानगी मिळाली. ५ डिसेंबर २०२२ पासून नगरपरिषदेने सात ई-रिक्षा चालवल्या: प्रवाशाला ३५ रुपये, विद्यार्थ्याला पाच.

पाच रुपयांत मूल शाळेत पोचवायचं असेल तर त्याचा उरलेला खर्च कुणीतरी उचलावा लागतो. तो नगरपरिषदेने उचलला. प्रयोगानंतर वाद झाले, घोडेवाल्यांचा विरोध झाला, कोर्टकचेरी पुन्हा झाली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा अमानवी ठरवून सहा महिन्यांत ई-रिक्षा आणायला सांगितलं आणि निधी नाही ही सबब चालणार नाही हेही बजावलं. तो आदेश माथेरानपुरता आहे, तुमच्या गावाला लागू नाही. पण साडेचार हजारांच्या आतल्या वस्तीची नगरपरिषद वाहतूक सेवा चालवू शकते, हे त्यातून सिद्ध झालं आहे.

परवाना मिळेल का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे टप्प्याटप्प्याने माणसं चढवत-उतरवत, सुटं तिकीट घेऊन जाण्याला टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात बहुतेक मार्ग एसटीसाठी राखीव आहेत. म्हणून एसटीचं म्हणणं आधीच लेखी घ्यावं. विजेवरच्या प्रवासी वाहनांना केंद्राने २०१८ मध्ये परवान्यातून सूट दिली आहे. मात्र परिवहन कार्यालयाकडून आपल्या गाडीबद्दल लेखी उत्तर घेतल्याशिवाय खरेदीची निविदा काढू नका. गाडी आधी आणि परवाना नंतर, असं केलेल्या एका गावची गाडी नगरपरिषदेच्या आवारात टायर बसेपर्यंत उभी राहिलेली मी पाहिली आहे.

रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल.

ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. कर्जाचे हप्ते असलेल्या माणसाला ‘विकास’ ऐकवून उपयोग नाही. मार्ग ठरवायच्या बैठकीला रिक्षा संघटनेला बोलवा. स्टँड ते बाजारपेठ हा त्यांचा भरणारा पट्टा असतो. बसला तिथे दर दहा मिनिटांनी पळवायची गरज नाही. रुग्णालय, तहसील, कॉलेज, नव्या वसाहती, म्हणजे रिक्षा एरवी जायला नाखूष असते ते मार्ग आधी घ्या. चालक नेमताना बॅज असलेल्या स्थानिक रिक्षाचालकांना प्राधान्य द्या, आणि हे ठरावातच लिहा.

तिकीट ठेवायचं की मोफत?

फ्रान्समधल्या कॉम्पियेन या छोट्या शहरात १९७५ पासून बस मोफत आहे, पण तिथे वाहतुकीसाठी मालकांकडून वेतनावर कर घेतला जातो. तसा कर आपल्या नगरपरिषदेला नाही. वरच्या हिशेबात तिकीट काढून टाकलं तर तूट दुपटीहून जास्त होते. माझं मत: दहा रुपये सरसकट, विद्यार्थ्यांना पाच. २०२१ मध्ये पुण्याच्या मध्यवस्तीत दहा रुपयांत दिवसभर प्रवासाची ‘पुण्यदशम’ सुरू झाली. सुट्ट्यांची कटकट नाही, अंतराचा हिशेब नाही. छोट्या गावाला असंच सोपं तिकीट झेपतं.

ज्येष्ठांना आणि महिलांना एसटीसारखी सवलत मिळेल का?

आपोआप नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीत मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्याची भरपाई राज्य सरकार एसटीला करतं. नगरपरिषदेच्या गाडीत सवलत द्यायची तर भार नगरपरिषदेचा. दिव्यांगांसाठी मात्र पैसा आहे: स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम त्यांच्यासाठी खर्च करणं बंधनकारक आहे, आणि ती अनेकदा वर्षअखेरीस घाईघाईने वाटली जाते. उतरती पायरी, चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आणि दिव्यांगांच्या पासचा खर्च यांचा प्रस्ताव या निधीतून मांडता येईल. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये वाहतूक सुगम करण्याची जबाबदारीही आहे.

ठराव मंजूर करून घ्यायचा तर सुरुवात कधी करायची?

दिवाळीनंतर लगेच. अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर विशेष सभेत मंजूर होतं, पण मुख्याधिकारी आणि लेखापाल त्याआधी दोन-तीन महिने आकडे जुळवत असतात. फेब्रुवारीत मोर्चा नेला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकावं लागेल. नोव्हेंबरात मागील तीन वर्षांची अंदाजपत्रकं माहिती अधिकारात मागवा. डिसेंबरात चार दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, स्टँडवर आणि रुग्णालयाच्या फाटकाशी उभं राहून किती माणसं कुठून कुठे जातात ते वहीत टिपा. शाळेची दोन मुलं मदतीला घ्या. चाळीस पानांच्या अहवालापेक्षा अशी वही सभेत जास्त चालते, कारण तिच्यातली माणसं नगरसेवकांच्या ओळखीची असतात.

ठराव कायद्याला धरून नसेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. म्हणून ठरावात उद्देश, लेखाशीर्ष, वर्षाची कमाल रक्कम आणि परवान्याची स्थिती ही चारही लिहिलेली असावीत. ‘बस सुरू करण्यास मान्यता देण्यात येत आहे’ एवढ्या एका ओळीचा ठराव करून घेऊ नका.

सुरू झाली आणि सहा महिन्यांत बंद पडली तर?

बहुधा दोनपैकी एक कारण असेल: दुरुस्तीला पैसे नाहीत, किंवा लोकांना वेळा माहीत नाहीत. पहिल्यासाठी लेखाशीर्षात दुरुस्तीची रक्कम वेगळी दाखवून घ्यावी, आणि गाडी गॅरेजला गेली की ठेकेदाराने दुसरी द्यायची अट आधीच घालावी. दुसऱ्यासाठी वेळापत्रक प्रत्येक थांब्यावर, दवाखान्याच्या केसपेपर खिडकीवर आणि घरपट्टीच्या बिलामागे छापावं. पहिले तीन महिने वेळ बदलू नये, गाडी रिकामी धावली तरीही. नऊ वाजताची गाडी नऊलाच येते यावर विश्वास बसायला माणसांना तेवढा वेळ लागतो. तो बसण्याआधीच फेरी बंद केली तर पुन्हा सुरू केल्यावर थांब्यावर कुणी उभं राहत नाही.